घरातली दुसरी गाडी : पेट्रोल की डिझेल?

घरातल्या दुसऱ्या गाडीचे काम पहिलीपेक्षा वेगळे असते. रोज कामावर जाणारी गाडी दारात आधीच उभी असते. दुसरी घेतली जाते ती आई-वडिलांना दवाखान्यात नेण्यासाठी, मंडईसाठी, लग्नकार्यासाठी आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा गावी जाण्यासाठी. ती आरामदायी हवी, पण तिच्यात नव्या गाडीइतके पैसे अडकवायचे नसतात. म्हणून पाच-आठ वर्षे वापरलेली सिटी, सियाझ, व्हर्ना, कोरोला, ऑक्टाव्हिया अशी एके काळची महाग सेडान पाहिली जाते. मग पेट्रोल की डिझेल हा प्रश्न येतो आणि बहुतेक घरांत तो पंपावरचा भाव बघून सोडवला जातो. तो रनिंग बघून सोडवायला हवा. रनिंग म्हणजे महिन्याचे किलोमीटर तर खरेच, पण एका फेरीत गाडी सलग किती पळते हेही त्यात आले.

भावाची सवय जुनी आहे. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले. डिझेलचे सुटायला ऑक्टोबर २०१४ उजाडला. मधल्या चार वर्षांत दोन्ही इंधनांत लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांची तफावत पडली आणि मोठी गाडी म्हणजे डिझेल हे समीकरण डोक्यात पक्के बसले. रांजणगावच्या कारखान्यात तयार होणारे १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन फियाटच्या लिनिआत आणि टाटांच्या मांझात आले, तेच इंजिन परवान्याखाली बनवून मारुतीने स्विफ्ट, डिझायर आणि सियाझमध्ये बसवले. इंजिन दणकट होते, अ‍ॅव्हरेज उत्तम होते. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले, त्या निकषांत लहान डिझेल बसवणे परवडेना आणि मारुतीने डिझेल बंदच केले. आज महाराष्ट्रात दोन्ही इंधनांच्या दरांतला फरक साधारण चौदा रुपयांवर आला आहे. हिशेब बदलला, तरी घराघरांतला सल्ला मात्र जुनाच राहिला आहे.

हिशेब असा. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये लिटर धरले, शहरात पेट्रोल सेडान १२ आणि डिझेल १७ चे अ‍ॅव्हरेज देते असे मानले, तर किलोमीटरमागे सुमारे ३ रुपये ४० पैसे वाचतात. महिन्याला १,५०० किलोमीटर पळणाऱ्या गाडीत ही बचत वर्षाला साठ हजारांवर जाते. महिन्याला ३०० किलोमीटर पळणाऱ्या दुसऱ्या गाडीत ती वर्षाला जेमतेम बारा हजार होते. वापरलेल्या डिझेलमध्ये टर्बो, हाय-प्रेशर पंप, चार इंजेक्टर (गॅरेजच्या भाषेत नोझल), ईजीआर व्हॉल्व्ह, शिवाय अनेक मॉडेलांत ड्युअल-मास फ्लायव्हील असा महागडा ऐवज असतो. यातले एक काम निघाले की काही वर्षांची बचत एका बिलात जाते. पेट्रोलमध्येही कामे निघतात, पण इग्निशन कॉइल, प्लग, थ्रॉटल बॉडी यांचे बिल सहसा त्या पातळीला जात नाही.

याहून मोठे कारण बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमार्गात आहे. धुरातली काजळी अडवायला तिथे डीपीएफ नावाची गाळणी असते. गाळणी भरत आली की इंजिन जास्तीचे डिझेल सोडून धूर ६०० अंशांच्या आसपास तापवते आणि साठलेली काजळी जाळून टाकते. त्यासाठी इंजिन पुरते गरम असावे लागते आणि गाडी बराच वेळ एका वेगाने पळावी लागते. शहरातल्या चार-पाच किलोमीटरच्या फेरीत यातले काहीच जुळत नाही. डिझेल इंजिन मुळातच सावकाश तापते. ते तापते न तापते तोच दवाखाना येतो आणि गाडी बंद होते.

पुण्यातल्या एका कुटुंबाचा अनुभव इथे सांगण्यासारखा आहे. तीन वर्षे वापरलेली बीएस-६ डिझेल सेडान त्यांनी दुसरी गाडी म्हणून घेतली. गाडी निर्दोष होती, आधीच्या मालकाने ती बहुतांश हायवेवरच चालवली होती. नव्या घरात तिच्या वाट्याला कोथरूड ते डेक्कन आणि परत, एवढेच आले. पावसाळ्यात डॅशबोर्डवर डीपीएफचा पिवळा दिवा लागला. पिकअप तर नेहमीसारखा होता, त्यामुळे दिव्याकडे कुणी फारसे बघितले नाही. त्याच सुमारास ऑइलची पट्टी काढून पाहिली तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसले. ऑइल कमी होत नाही म्हणून घरच्यांना बरेच वाटले. प्रत्यक्षात काजळी जाळण्यासाठी सोडलेले डिझेल, जळण अर्ध्यावर तुटल्यामुळे, सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरत होते. पट्टी नाकाशी धरली असती तर वास आला असता. असे पातळ झालेले ऑइल टर्बोच्या आणि क्रँकच्या बेअरिंगना पुरेसे वंगण देत नाही. पुढे इंजिनने स्वतःच ताकद कमी केली, चढावर गाडी ओढेना. वर्कशॉपमध्ये संगणक जोडून सक्तीने काजळी जाळली, ऑइल आणि फिल्टर बदलले, तेव्हा गाडी रुळावर आली. वेळेत कळले म्हणून टर्बो वाचला. हे टाळायचे तर दिवा लागताच गाडी एक्स्प्रेसवेसारख्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ८०च्या आसपास वीस-पंचवीस मिनिटे पळवावी लागते. आई-वडिलांच्या सोयीसाठी घेतलेली गाडी केवळ गाळणी साफ करायला खोपोलीपर्यंत न्यायची, ही घरावर लादलेली नवी जबाबदारी आहे. काही गॅरेजवाले डीपीएफ काढून टाकण्याचा उपाय सुचवतात. तो बेकायदा आहे, आणि ती काजळी शेवटी शेजाऱ्यांच्या फुप्फुसात जाते.

आरामाचे म्हणाल तर डिझेल इंजिनात दाब जास्त असल्याने थरथर आणि आवाज जास्त. नव्या गाडीत तो रबर माउंटिंग आणि अस्तरे दाबून ठेवतात. लाखभर किलोमीटरनंतर माउंटिंग बसतात आणि सिग्नलला उभ्या गाडीत ही थरथर सीटमधून जाणवू लागते. मागे बसलेल्या सत्तरीतल्या माणसाला ती चांगलीच कळते. हायवेवर मात्र चित्र उलटे असते. कमी फेऱ्यांतच भरपूर ताकद मिळत असल्याने डिझेल गाडी खंबाटकीचा चढ फारसे गिअर न बदलता चढते, आणि पाच माणसे, सामान व एसी असताना तिचे हे सुख पेट्रोलला सहसा साधत नाही. म्हणून दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर किंवा नाशिक-मुंबई करणाऱ्या घराने डिझेलच घ्यावे. त्यांच्याकडे डीपीएफही आपोआप साफ राहतो आणि हिशेबही बसतो.

पेट्रोल गाडीची स्वतःची दोन दुखणी आहेत. पहिले इंधनाचे. २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. जुन्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी उतरेल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच होता. जुने रबरी पाइप आणि सील तपासून गरजेप्रमाणे बदलावेत. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, त्यामुळे आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीत महिनोन्महिने तेच पेट्रोल ठेवू नये. दुसरे दुखणे गिअरबॉक्सचे. ऑटोमॅटिक हवी असेल तर इंधनाइतकाच विचार गिअरबॉक्सचा करावा. ऑक्टाव्हियाच्या १.८ पेट्रोलला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी होता, २.० डिझेलला ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा सहा गिअरचा. शहरातल्या सरकत्या गर्दीत ड्राय क्लच लवकर तापतो आणि झिजतो. सिटीचा सीव्हीटी किंवा सियाझचा साधा चार गिअरचा ऑटोमॅटिक अशा कामाला जास्त निर्धास्त.

गाडी बघायला सकाळी जावे आणि मालकाला आधीच सांगावे की इंजिन सुरू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून ते थंड आहे याची खात्री करावी. डिझेल थंडीत पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू झाले पाहिजे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर इंजेक्टरचा किंवा हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. रेस दिल्यावर काळ्या धुराचे लोट आले तर टर्बो आणि ईजीआर तपासावेत. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण सैल करून पाहावे. आतून धूर फुस्कारे मारत आला तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. बीएस-६ गाडीत स्कॅनर लावून डीपीएफमधली काजळी आणि सक्तीच्या साफसफाईची नोंद वाचून घ्यावी. स्वतःचा मेकॅनिक सोबत नेला तर हे काम अर्ध्या तासात होते. रेनोच्या १.५ आणि फोक्सवॅगन गटाच्या लहान डिझेल इंजिनांना टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला याचे बिल मागावे, कारण बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. पेट्रोल गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी काढल्याच्या खुणा शोधाव्यात. दोन्हींत मीटरचा आकडा कंपनी सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहावा. स्टिअरिंग आणि पेडलचे रबर गुळगुळीत झालेले आणि मीटर ४५ हजारांवर, अशी गाडी सोडून द्यावी.

दिल्ली पासिंगची स्वस्त डिझेल सेडान दिसली तर त्या स्वस्ताईमागचे कारण समजून घ्यावे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे अंमलबजावणीत फेरबदल झाले, पण तोवर तिथल्या असंख्य डिझेल गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी महाराष्ट्रात आणताना तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स हे दोन्ही लागतात, आणि इथे डिझेलचा टॅक्स पेट्रोलपेक्षा जास्त आहे.

व्यवहार करण्याआधी आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, ई-चलान थकले आहे का, हे परिवहनच्या पोर्टलवर पाहावे. बोजा असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन नाव हस्तांतर सुरू करावे, आणि १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडेही अर्ज करावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी पाटी बसली आहे का तेही बघावे. गाडी ताब्यात आल्यावर आधीच्या मालकाच्या शब्दावर न राहता इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि सगळे फिल्टर, डिझेल असल्यास डिझेल फिल्टरही, एकदम बदलून घ्यावेत. टायरच्या कडेला छापलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. कमी पळालेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही सहा-सात वर्षांचे झाले असतील तर लांबच्या प्रवासाआधी ते बदलावेत.