लस दिली, पण नोंद कुठे?

प्रश्न : आई (७८) वृद्धाश्रमात असते. मागच्या महिन्यात तिथे सगळ्यांना ‘इंजेक्शन’ दिलं म्हणे. कसलं ते कुणालाच सांगता येत नाही. आता काय करावं?

उत्तर : औषधाचं बिल मागा. त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. ते आईच्या फाइलमध्ये उतरवून घ्या, सोबत तारीख, कोणत्या दंडात दिली आणि देणाऱ्याची सही. फ्लूची असेल तर ती दरवर्षी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून मे महिन्यात घेतलेली बरी. न्यूमोनियाची लस मात्र दरवर्षीची नव्हे. पीसीव्ही-२० झाली असेल तर सहसा तेवढी पुरते, पीसीव्ही-१३ असेल तर पुढचा डोस उरतो. म्हणून ‘न्यूमोनियाची दिली’ एवढी नोंद निरुपयोगी!

आणखी एक. लस देण्याआधी आईला विचारलं होतं का? मुलाची सही घेऊन मोकळं होण्याची पद्धत मला पटत नाही. आईला समजत असेल तर होकार तिचाच हवा. नको म्हणाली तर तेही कारणासह लिहायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायचं.