शंटरचं डिझाइन शून्य वेगापासून

बेटा, तुझ्याकडे शंटिंग इंजिनाचं डिझाइन आलं हे ऐकून फार बरं वाटलं. आपल्या नागपूरच्या अजनीत बारा हजार अश्वशक्तीची डब्ल्यूएजी-12 देखभालीला येते, तिचं कौतुक सगळं गाव करतं. पण तिनं ओढून आणलेला कोळशाचा रेक सायडिंगच्या तोंडाशी थांबतो. पुढे लोडरखाली किंवा टिप्लरजवळ वरून तार नेता येत नाही. तिथून शेवटचे एक-दोन किलोमीटर डिझेल शंटरचे. तो अडला की मागचा सगळा पसारा अडतो. म्हणून हे काम दुय्यम समजू नकोस.

आधी अश्वशक्तीचा मोह सोड. वाराणसीच्या डिझेल कारखान्यातली दोन इंजिनं शेजारी ठेवून बघ. डब्ल्यूडीएम-2 मेन लाइनची: सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती, वजन साधारण 113 टन. डब्ल्यूडीएस-6 शंटिंगची: सहा सिलिंडर, ताकद निम्म्याच्या आसपास आणि वजन 126 टन. ताकद घटली, वजन वाढलं. हे मुद्दाम केलेलं आहे. रूळ चाकाला जेवढं धरू देतो तेवढंच इंजिन ओढू शकतं आणि ती पकड वजनातून येते.

स्वतः गणित मांड. चित्तरंजनच्या डब्ल्यूडीएस-4 मध्ये तीन आस, प्रत्येकावर 20 टन, एकूण 60. कोरड्या रुळावर वजनाच्या 30 टक्के ओढ धरली तर 18 टन. ताशी 5 किलोमीटर वेगानं ही ओढ द्यायला चाकाशी 333 अश्वशक्ती पुरते. 700 अश्वशक्तीच्या इंजिनातून वाटेतली गळती वजा करून 560 चाकापर्यंत पोचली, तर ताशी साडेआठच्या आत ती पुरती वापरताच येत नाही. आणि शंटरचा बराचसा दिवस त्या साडेआठच्या आतच जातो. तिथे तू आणखी 500 अश्वशक्ती घातलीस तर चाक जागच्या जागी फिरून रुळावर खळगा पाडेल, एवढंच.

म्हणून सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर ठेव. आपल्या मोतीबागच्या शेडमध्ये नॅरोगेजची झेडडीएम-4ए इंजिनं होती, त्यांच्या दोन्ही टोकांना नुसती भार वाहणारी चाकं. हलक्या रुळावर तो शहाणपणाचा उपाय होता, कारण आसावरचा भार कमी करायचा होता. पण त्या चाकांनी उचललेलं वजन ओढायच्या कामी येत नाही. ब्रॉडगेजच्या शंटरमध्ये ही चैन परवडायची नाही. वजन कमी पडलं तर अंडरफ्रेमच्या प्लेटा जाड कर, बॅलास्ट घाल, पण चारी कोपरे तोलून घाल. एका आसावर टनभर कमी पडलं की तेच चाक आधी घसरणार.

वाळूचे पाइप चाकाच्या अगदी जवळ आण, आणि दोन्ही दिशांना दे. यार्डात इंजिन जेवढं पुढे चालतं तेवढंच मागे. मृगाच्या पहिल्या सरीत कोळशाची भुकटी भिजून रुळावर काळा लगदा होतो. तेव्हा 30 टक्क्यांच्या जागी 15 मिळाले तरी नशीब समज. मुसळधार पाऊस त्यापेक्षा बरा, तो रूळ धुऊन काढतो.

सायडिंगवाल्या कंपनीचा माणूस म्हणेल, आमचं सायडिंग सपाट आहे. ऐकून घे, मग लेव्हल स्वतः घेऊन ये. चारशेत एक चढ डोळ्याला दिसत नाही. पण 58 बॉक्सएन वाघिणींचा भरलेला रेक 4700 टनांचा असतो आणि त्या न दिसणाऱ्या चढावर तो पावणेबारा टनांनी मागे खेचतो. सुरुवातीचा अवरोध त्याहून वेगळा.

ट्रान्समिशनबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण या भागात आपल्या माणसांनी मोठं काम करून ठेवलं आहे. मनमोहन सुरी हे रेल्वेतलेच अभियंते. त्यांच्या रचनेत गाडी सुटताना तेलाचा टॉर्क कन्व्हर्टर काम करतो आणि वेग आला की तो बाजूला होऊन थेट यांत्रिक जोड बसते. 1962 चं भटनागर पारितोषिक त्यांना मिळालं. देशी डिझेल-हायड्रॉलिक इंजिनांत सुरी ट्रान्समिशन वापरलं गेलं. पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकनं रेल्वेसाठी हायड्रॉलिक ट्रान्समिशन बनवली. तुझ्या कंपनीत जुनी ड्रॉइंग असतील तर ती आधी उघड, परदेशी कॅटलॉग नंतर.

हायड्रॉलिक घे किंवा इलेक्ट्रिक घे, गाडी जागची हलत नसताना जोर लावला की सगळी ऊर्जा उष्णता होते. एकात तेल तापतं, दुसऱ्यात मोटरच्या गुंडाळ्या. मेन लाइनवर निदान वारा असतो, यार्डात तोही नाही. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर आणि खाली तापलेली खडी. रेडिएटर आणि तेलाचा कूलर याच हिशेबानं मोठा धर, आणि जाळीवरची कोळशाची भुकटी झाडायला माणसाचा हात पोचेल अशी जागा सोड.

शंटर दिवसाचा मोठा भाग नुसता चालू उभा असतो. त्यात डिझेल जळतं आणि सिलिंडरमध्ये काजळी धरते. रेल्वेनं मोठ्या इंजिनांवर छोटं सहायक इंजिन बसवलं आहे. दहा मिनिटं काम नसलं की मुख्य इंजिन बंद होतं आणि तासाला 25 लिटरच्या जागी 3 लिटरवर भागतं. तुझ्या इंजिनाला त्याची गरज जास्त आहे.

आता कॅबकडे ये, बेटा. ड्रॉइंगवर सही करण्याआधी एक दिवस पॉइंट्समनच्या शेजारी उभी राहा. तो हातात झेंडी घेऊन दोन वाघिणींच्या जवळ उभा असतो, कपलरचा जबडा (नकल) उघडतो, बाजूला सरतो, मग खूण करतो. त्या क्षणी तो ड्रायव्हरला दिसलाच पाहिजे. बॉनेट ड्रायव्हरच्या डोळ्याच्या खाली ठेव. एअर फिल्टर, सायलेन्सर असलं काही वर चढवून नजर अडवू नकोस, ते बसत नसेल तर बॉनेट लांब कर. हँडल दोन्ही बाजूंना दे, म्हणजे माणूस ज्या बाजूला आहे त्या खिडकीतून बघत गाडी हलवता येईल. कोपऱ्यावरची पायरी रुंद, जाळीची आणि पावसात बूट न घसरणारी हवी. धरायचा दांडा ओल्या हातमोज्यात मावेल एवढा. चालू गाडीवर चढू नये हा नियमच आहे. तरी पायरी अशी कर की एखाद्याचा पाय चुकला तर तो चाकाखाली न जाता बाहेर पडेल.

ब्रेकमध्ये काटकसर अजिबात नको. शंटिंगला अनेकदा वाघिणींची हवा जोडलेली नसते, तेव्हा सगळं थांबवायचं ते इंजिनाच्या एकट्या ब्रेकनं. आणि रेक जोडला की 58 वाघिणींच्या पाइपात 5 किलो दाब भरायचा आहे. कॉम्प्रेसर लहान घेतलास तर गाडी सुटायच्या आधी अर्धा तास हवेची वाट बघण्यात जाईल.

पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर (व्हीलबेस) ठरवण्याआधी सायडिंगचा नकाशा मागव. ब्रॉडगेजला 175 मीटर त्रिज्येची वळणं असू शकतात, आणि कारखान्यातल्या जुन्या वळणांचे रूळ झिजून गेज पसरलेलं असतं. कागदावरच्या त्रिज्येवर भरवसा ठेवू नकोस, टेप घेऊन वळणावर स्वतः माप घे.