डोस लागू पडेपर्यंत

चाळिशी ओलांडल्यावर मला एडीएचडीचं निदान झालं. लक्ष टिकत नाही, घेतलेलं काम अर्ध्यात सुटतं, वेळेचा अंदाज येत नाही, हे सगळं मी आणि घरच्यांनी स्वभाव म्हणून मान्य केलं होतं. त्याला वैद्यकीय नाव आहे हे पुण्यातल्या एका खासगी मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात कळलं. निदान झालं की गोळी सुरू होते, एवढंच मला ठाऊक होतं. गोळीचा डोस ठरायला बराच काळ जातो आणि त्या काळात पेशंटलाही पुष्कळ काम असतं, हे हळूहळू समजत गेलं.

१. निदानाला वेळ लागतो आणि तो लागलेला बरा. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी औषध लिहिलंच नाही. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसायला हवीत, म्हणून त्यांना माझं लहानपण हवं होतं. आईनं माळ्यावरच्या ट्रंकेतून माझी प्रगतिपुस्तकं काढून आणली. ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते’ हा शेरा वर्षामागून वर्ष, वेगवेगळ्या बाईंच्या अक्षरात. तो डॉक्टरांना वाचून दाखवताना आईचा आवाज भरून आला. त्या शेऱ्यावरून मला किती बोलणी बसली होती, ते तिलाच जास्त आठवत होतं. निदान माझ्या एकटीचं होणार नाही, हे तेव्हा उमगलं. मग थायरॉइड आणि हिमोग्लोबिनच्या तपासण्या झाल्या, झोपेची आणि चिंतेची चौकशी झाली, रक्तदाब, नाडी, वजन लिहून घेतलं गेलं. घरात कुणाला लहान वयात हृदयविकार झाला होता का, हेही विचारलं. त्यानंतर मिथिलफेनिडेट सुरू झालं.

२. एकाचा आकडा दुसऱ्याच्या उपयोगाचा नसतो. रक्तदाबाच्या गोळ्यांसारखी इथेही तुलना चालते, ‘तुला किती? मला इतकी.’ पण मोठ्या माणसांत या औषधाचा डोस वजनावरून काढता येत नाही. धिप्पाड माणसाला थोडक्यात भागतं आणि किरकोळ अंगाच्या बाईला त्याच्या दुप्पट लागू शकतं. म्हणून डॉक्टर पाच-दहा मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात, साधारण आठवड्याच्या अंतरानं एकेक पायरी वाढवतात आणि प्रत्येक पायरीवर नाडी आणि रक्तदाब पाहतात. माझा डोस मी इथे लिहीत नाही, तो याच कारणासाठी.

३. किती घेतो याइतकंच केव्हा घेतो याला महत्त्व आहे. मिथिलफेनिडेटची साधी गोळी तीन-चार तास काम करते. सकाळ छान जायची. दुपार उलटली की डोक्यात पुन्हा गलबला सुरू व्हायचा, आणि तो पूर्वीपेक्षा मोठा वाटायचा. कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही, मुलीचा साधा प्रश्न, सगळंच अंगावर यायचं. मला वाटलं, डोस अपुरा पडतोय. डॉक्टरांनी माझं ऐकून घेतलं आणि एकूण डोस तेवढाच ठेवून सावकाश विरघळणारी गोळी लिहून दिली. औषधाचा जोर ओसरताना चिडचिड उसळून येते, हे त्यांना नेहमीचं होतं. उशिरा दुपारी आणखी एक गोळी घेतली असती तर रात्रीची झोप गेली असती. संध्याकाळ मला परत मिळाली ती औषध वाढवून नव्हे, हे मला फार नवं होतं.

४. ज्या डोसवर सर्वांत जास्त काम झालं, तो माझा डोस नव्हता. मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवाळी अंकांच्या दिवसांत प्रुफांचे गठ्ठे येतात आणि सगळं कालच हवं असतं. त्या हंगामात मी डोसच्या एका वरच्या पायरीवर होते. अनुस्वार, वेलांट्या, विरामचिन्हं, एकही नजरेतून सुटत नव्हतं. सोळा पानी फर्मा एका बैठकीत हातावेगळा व्हायचा. आयुष्यात प्रथमच मी वेळेआधी काम पोचवत होते आणि त्याचा आनंद केवढा होता ते लिहून सांगता येणार नाही. अशात एका विनोदी लेखाची प्रुफं आली. मी ती अखेरपर्यंत तपासली, निर्दोष तपासली. नंतर शेजारच्या टेबलावरची सहकारी तीच पानं वाचताना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. लेखात हसण्यासारखं काय होतं ते मला आठवेना. शब्द सगळे वाचले होते, लेख वाचलाच नव्हता. त्याच आठवड्यात मुलगी म्हणाली, “आई, तू हल्ली बोलत नाहीस, नुसती उत्तरं देतेस.”

डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांनी एक पायरी खाली आणलं. डोस जास्त झाला की काही जणांच्या भावना अशा सपाट होतात, डोस कमी केला की परत येतात, असं ते म्हणाले. तो निर्णय मला जड गेला. वेगानं काम करणारी ती बाई मला आवडायला लागली होती. आता फर्म्याला दोन बैठका लागतात, मधे उठावंसं वाटतं, पण मजकूर वाचताना माझ्या मनात काहीतरी हलतं. मुलीशी भांडणंही पुन्हा सुरू झाली आहेत. डोस योग्य आहे का, हे ठरवताना कामाचा उरक मोजायचा आणि माणूस मोजायचं नाही, हे मला मान्य नाही.

५. गोळी लक्ष देते, कशावर ते सांगत नाही. औषध चढायच्या सुमाराला मी जे हातात धरेन, त्यालाच धरून बसते. मसाल्याचे डबे लावायला घेतले तर सकाळ डब्यांत जाते. म्हणून आता गोळी घेण्याआधीच प्रुफं टेबलावर काढलेली असतात आणि फोन दुसऱ्या खोलीत असतो. वेळापत्रक आखणं, कामाचे तुकडे करणं, हे समुपदेशकाकडे वेगळं शिकावं लागलं.

६. भूक जाते. दुपारी डबा उघडून पाहावासाही वाटत नाही. सुरुवातीला पोळीभाजी तशीच घरी परत यायची आणि सासूबाईंना वाटायचं, भाजी आवडली नाही. आता गोळीआधी पोटभर नाश्ता, दुपारी दहीभात किंवा ताकावर भागवायचं आणि खरं जेवण रात्री. वजनाचा काटा घरात आणला आहे, कारण कपडे सैल झाल्याचं फार उशिरा लक्षात येतं. चहाही कमी केला. गोळीवर कडक चहा घेतला की माझी छाती धडधडते.

७. भेट लहान असते, म्हणून तयारी आपली हवी. खासगी दवाखान्यात पहिल्या भेटीला भरपूर वेळ मिळतो, फेरतपासणीला दहा-पंधरा मिनिटं. बाहेर बाकावर माणसं ताटकळलेली असतात. ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला ‘बरं आहे’ हे उत्तर दिलं की डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. मी एक वही केली: गोळीची वेळ, झोप, जेवण, नाडी, रक्तदाब, पाळीची तारीख. शेवटचा रकाना घरच्यांचा, त्यात नवरा आणि मुलगी लिहितात. माझ्यात काय बदललंय ते मला सर्वांत शेवटी कळतं, त्यामुळे तो रकाना सर्वांत मोलाचा ठरला. पाळीआधीच्या काही दिवसांत गोळी लागू पडत नाही असं मला वाटायचं, तेही वहीतच स्पष्ट दिसलं. अनेक बायका हे सांगतात, असं डॉक्टर म्हणाले आणि त्या दिवसांसाठी वेगळा विचार केला.

पैशांचंही सांगायला हवं. मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीनं विमा मिळावा, असं २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि हे सगळे उपचार बाह्यरुग्ण म्हणून होतात. फी, गोळ्या, समुपदेशन सगळं खिशातून. ज्यांना हे परवडत नाही त्यांचं काय होत असेल, हा विचार मला सोडत नाही.

८. औषध लिहून मिळालं म्हणजे हातात पडलं असं नाही. मिथिलफेनिडेट १९८५च्या एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत येतं आणि औषध नियमांच्या शेड्यूल एक्समध्येही आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत केमिस्ट दोन वर्षं जपून ठेवतो. त्यासाठी वेगळा परवाना लागतो, म्हणून बरेच केमिस्ट ते ठेवतच नाहीत. डोस बदलायच्या काळात हे फार जाचतं, कारण हवी ती ताकद नेमकी संपलेली असते. २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार शेड्यूल एक्समधलं औषध व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाही. परीक्षेच्या तोंडावर जागरणासाठी या गोळ्या घेणारी मुलं आहेत, तेव्हा बंधन हवंच. पण गडचिरोलीतल्या किंवा सिंधुदुर्गातल्या माणसानं डोस ठरवण्यासाठी दर वेळी शहर गाठायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. ज्याच्या फायलीत प्रत्यक्ष तपासणीची नोंद आहे, त्याला पुढच्या भेटींत तरी सवलत मिळायला हवी.

९. एकाच निदानाच्या दोन माणसांचे रस्ते वेगळे असतात. माझ्यात झालेला फरक पाहून मामेभावानं गोळीचं नाव विचारलं. मी नाव न सांगता त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. त्यालाही एडीएचडी निघाला, पण चिंतेचा त्रास मोठा होता, म्हणून त्याला अ‍ॅटोमॉक्सेटिन दिलं. ते उत्तेजक वर्गातलं नाही. माझी गोळी पाऊण तासात जाणवायची, त्याला काही आठवडे काहीच जाणवलं नाही, मळमळ तेवढी झाली. चिंतेसाठी तो आधीपासून फ्लुओक्सेटिन घेत होता. त्यामुळे अ‍ॅटोमॉक्सेटिन शरीरातून सावकाश बाहेर पडतं, म्हणून त्याचा डोस आणखी धीम्यानं वाढवला. माझी गोळी त्यानं मागून घेतली असती तर यातलं काहीच पुढे आलं नसतं.

तुमच्याही घरात असं कुणी विचारेल. गोळीचं नाव सांगून मोकळे होऊ नका. पहिल्या अपॉइंटमेंटला सोबत जा, आणि डोस ठरेपर्यंत त्याच्या वागण्यात जे दिसेल ते त्याला सांगत राहा.