गूगलवरचं शिराळा कोण लिहिणार?

“पोरगं दिवसभर मोबाईलात डोकं घालून बसतंय, आन् वर म्हणतंय एसइओ शिकायचंय. ह्यातनं पोट भरंल का, सर?” सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याकडच्या पालकांचा हा प्रश्न मला आता पाठ झालाय. एसइओ म्हणजे आपलं पान गूगलच्या शोधात वर आणण्याचं काम. उत्तर देण्याआधी मी मुलालाच ‘शिराळा नागपंचमी’ शोधायला सांगतो.

समोर येतात गळ्यात नाग घेतलेल्यांचे फोटो, मिरवणुकीचे व्हिडिओ. बरेचसे जुने, हौशी लोकांनी टाकलेले. पुण्या-मुंबईचा माणूस ते बघून गाडी काढतो, पेठ नाक्यावरून आत वळतो आणि इथे येऊन विचारतो, “नाग कुठंयत?” वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे. त्याच्या आधारे आलेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नाग पकडणं, त्यांची मिरवणूक काढणं बंद झालं. २०२५मध्ये केंद्राने २१ नाग पकडायला परवानगी दिली, पण ती शैक्षणिक कारणासाठी आणि ठरावीक दिवसांपुरती. एवढी साधी माहिती तारखेसकट एका पानावर मांडायची आणि शोधणाऱ्यापर्यंत पोचवायची, हाच या व्यवसायाचा गाभा. लोक ‘शिराळा’ लिहितात, ‘शिराळे’ लिहितात, ‘बत्तीस शिराळा’ लिहितात. त्यातलं कोण काय विचारतंय हे इथल्या मुलाला जितकं कळतं तितकं बंगळुरातल्या कंपनीला कळणार नाही.

आता या व्यवसायातल्या फसवणुकीबद्दल. गूगल १९९८मध्ये सुरू झालं तेच एका कल्पनेवर: दुसऱ्या संकेतस्थळाने तुमच्याकडे दिलेली लिंक म्हणजे एक प्रकारचं मत. लगेच चलाखांनी दिसेल तिथे, लोकांच्या लेखांखालच्या प्रतिक्रियांत, आपल्या लिंका चिकटवायला सुरुवात केली. त्यावर २००५मध्ये ‘ही लिंक मत म्हणून धरू नका’ असं सांगणारी ‘नोफॉलो’ खूण आली आणि २०१९मध्ये वाचकांनी टाकलेल्या मजकुरातल्या लिंकांसाठी ‘यूजीसी’ ही वेगळी खूण. (हे यूजीसी विद्यापीठवालं नव्हे!) तरीही कुणी क्लासवाला “रोज शंभर लिंका टाका” असं शिकवत असेल, तर तो वीस वर्षांपूर्वीचा धंदा विकतोय. खोट्या अभिप्रायांचंही तेच. ओळखीच्या हॉटेलवाल्यासाठी दहा नावांनी पाच-पाच तारे देणं म्हणजे मार्केटिंग नव्हे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२मध्ये आयएस १९००० हे मानकच काढलं आहे.

“पहिल्या नंबरावर आणतो, गॅरंटी” असं म्हणणाऱ्यापासून तर चार हात लांब राहा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतः सांगतं. नोकरीची शंभर टक्के हमी देणाऱ्या महागड्या कोर्सलाही हाच नियम लावा. गूगलचं प्राथमिक मार्गदर्शक फुकट वाचता येतं, सर्च कन्सोल फुकट वापरता येतं. पालकांनो, पैसे खर्चायचेच असतील तर डोमेन घेऊन द्या. पदवी मात्र सोडू देऊ नका. मराठी, वाणिज्य, संगणक, काहीही चालेल. ज्याला नीट वाक्य लिहिता येतं आणि आकडे वाचता येतात, तो इथे टिकतो.

एआयची भीती खोटी नाही. २०२४पासून भारतातही गूगल काही प्रश्नांची उत्तरं वरच्या वर लिहून देतं, आणि इकडचं तिकडचं जोडून मजकूर पाडणाऱ्यांची गरज कमी होत जाणार. पण यंत्र देवळापर्यंत चालत जात नाही. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक शिराळ्यात आहे. बाकीचे चाफळ, मसूर, उंब्रज, बहे, मनपाडळे असे सातारा-सांगली-कोल्हापुरात विखुरलेले. ज्याला हे सगळे करायचे आहेत त्याला हवं असतं ते असं: कुठून सुरुवात करू, एसटी कुठवर जाते, आईला पायऱ्या झेपतील का, दुपारी जेवण कुठे मिळेल. मुलांनो, दोन दिवस काढा, स्वतः फिरून या, स्वतःचे फोटो काढा आणि हे पान लिहा. मुलाखतीत प्रमाणपत्राआधी ते दाखवा.

आणि घाई करू नका. या कामाचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगलच सांगत आलं आहे. म्हणजे श्रावणातल्या नागपंचमीचं पान चैत्रातच लिहून व्हायला हवं.