चोडण बेटावरील पक्षी

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली म्हणजे चोडण बेट लागते. बेटाच्या पश्चिम टोकाचे सुमारे १७८ हेक्टर खारफुटीचे रान १९८८ साली पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यात आले व त्यास थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांचे नाव देण्यात आले.

प्रथमच जाणाऱ्याची येथे पुष्कळदा निराशा होते. झाडी दाट, पाणी गढूळ, आणि पक्षी कोठेच नाहीत! दोष असतो तो वेळेचा. येथील पाणथळ पक्ष्यांचा दिवस भरती-ओहोटीच्या हिशेबाने चालतो. भरतीत चिखल बुडाला की त्यांचे ताटच बुडाले. ओहोटी लागून चिखल उघडा पडू लागला म्हणजे जिकडेतिकडे पंगती बसतात. ही वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी सातला लागलेली ओहोटी चार दिवसांनी दहा वाजून गेल्यावर लागेल. कोळी बांधव तिथीवरून हे सहज सांगतात. सहलीचा दिवस ठरविण्यापूर्वी त्यांना विचारावे हे उत्तम.

पंगतीत फारशी भांडणे का होत नाहीत, हे चोचींकडे पाहिल्यावर कळते. कर्ल्यू पक्ष्याची लांब, खाली वाकलेली चोच खोल बिळांतील किडे व खेकडे ओढून काढते. तुतवार शेपटी हलवीत वरच्यावर टिपत फिरतो. चिखल्याची चोच आखूड, पण डोळे मोठे; तो थबकतो, पाहतो आणि धावत जाऊन भक्ष्य उचलतो. वीतभर जाडीच्या चिखलात तिघांचीही सोय होते.

हा चिखल पोसतात ती तिवराची झाडे. त्यांची श्वासमुळे खिळ्यांप्रमाणे जमिनीतून वर आलेली असतात, आणि पानांवर मिठाचे बारीक कण दिसतात. गळलेली पाने कुजतात, त्यांवर खेकडे व लहान जीव वाढतात, आणि या जिवांवर पक्षी. तुतवारासारखे कित्येक पाहुणे हिमालयातून व त्याही पलीकडील उत्तरेकडून हिवाळ्यापूर्वी येतात. परतीच्या प्रवासास लागणारी चरबी त्यांना अशाच खाड्यांतून साठवावी लागते. भराव टाकून भरतीचे पाणी अडविले तर हे ताट कायमचे रिकामे होते. अशा जागेस ‘पडीक दलदल’ म्हणणाऱ्याने एकदा ओहोटीच्या वेळी तेथे उभे राहून पाहावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. भडक कपडे टाळावेत, होडीत मोठ्याने बोलू नये. सायंकाळी बगळे रांगांनी परततात, तेव्हा रातबगळे चरावयास निघतात. त्यांचा ‘क्वाक्’ असा आवाज ऐकू आला म्हणजे परतीच्या फेरीबोटीकडे वळावे.