आईची बाटली भरलेलीच होती

आईचं आजोळ कुडाळजवळचं. लहानपणी मे महिन्यात तिकडे गेली की रात्री देवळासमोर दशावतार असायचा. तिच्या आजीच्या मांडीवर ती झोपून जायची आणि लढाईचा प्रवेश आला की आजी तिला हलवून उठवायची. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती, की दोन वर्षांपूर्वी मुलाला सुट्टी लागल्यावर मी ठरवलं, समुद्रकिनारा पुढच्या वेळी. या शनिवार-रविवारी आईला दशावतार दाखवायचा. आई तेव्हा 71 वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा. त्या रात्री एकच्या सुमारास आई मांडवातच माझ्या अंगावर कलंडली. ते का घडलं आणि कसं टाळता आलं असतं, हे उन्हाळ्यात घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन कार्यक्रमांना निघणाऱ्यांना कळावं म्हणून हे लिहिते आहे.

चूक सकाळपासूनच सुरू झाली. आम्ही कोल्हापूरहून निघालो तेच नऊ वाजता. घाट उतरेपर्यंत ऊन चढलं होतं. दोनच दिवस हातात, म्हणून मी एका दिवसात सगळं बसवलं होतं. आधी पिंगुळी. तिथल्या ठाकर आदिवासी कलाकारांच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या मुलाला दाखवायच्याच होत्या. परशुराम गंगावणे यांना 2021 साली याच कलेसाठी पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या घराने गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं आहे. मग सावंतवाडी: चितार आळीतली लाकडी खेळणी आणि राजवाड्यातली हाताने रंगवलेली गंजिफा. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी 12, अशी 120 पानं असतात. मुलगा एकेक अवतार ओळखत बसला आणि आई त्याच्या शेजारी उभी राहून गोष्टी सांगत होती. यातलं काहीच वगळण्यासारखं नाही. पण दुपारी बारा ते चार या वेळात, एका म्हाताऱ्या बाईला घेऊन, हे सगळं एका दमात करायला नको होतं.

हवेचा अंदाजही माझा चुकला. मोबाइलवर 34 अंश दिसत होते. कोल्हापुरात आदल्या दिवशी 38 होते, म्हणून मी निर्धास्त. अंग थंड होतं ते घाम सुकल्याने, नुसता घाम येऊन नाही. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम येत राहतो पण सुकत नाही. अंगातलं पाणी आणि मीठ जातं, उष्णता मात्र आतच राहते. त्यामुळे घाटावरच्या माणसाने कोकणातला आकडा आपल्याकडच्या आकड्याशी ताडून बघू नये. त्यात वय वाढलं की तहानच कमी लागते. आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवीवाटे पाणी बाहेर काढणारं औषध होतं. पाकिटावर ते लिहिलेलं होतं. वर्षानुवर्षं मीच गोळ्या आणत होते, कधी वाचलं नव्हतं.

पत्रकावर प्रयोगाची वेळ रात्री दहाची होती. आम्ही साडेनऊला जाऊन पुढे बसलो. आरती झाली, गाऱ्हाणं झालं, मानपान झाले, आणि नाटक उभं राहिलं साडेअकराला. यात गावाचं काही चुकलं नाही. तो देवळाचा उत्सव होता. देवाचं आधी, मग नाटक. शहरातल्या नाट्यगृहाचा हिशेब घेऊन गेले होते मी.

पण नाटक सुरू झालं आणि आई बदलली. एक लाकडी बाकडं, मागे पडदा, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. तेच बाकडं सिंहासन होतं, तोच रथ. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कुठलं पात्र हे ठरतं, आणि पुढचे संवाद नट उभ्या-उभ्या रचतो. आई सगळं ओठांनी पुटपुटत होती. मला वाटलं, आपण केलं ते बरंच केलं.

एक वाजता तिचा हात माझ्या हातात आला तो थंडगार, ओलाकिच्च. काही विचारलं तर तिला उत्तर जुळवता येईना. मग मान टाकली.

चार जणांनी उचलून तिला मांडवामागे, रंगपटाच्या ओसरीवर नेलं. तिथे वारं होतं. राणीचं काम करणारा नट नुकताच प्रवेश करून आत आला होता. अंगावर भरजरी साडी, नाकात नथ, कपाळावरून घाम ओघळतोय. त्याने आईचे पाय उचलून एका गाठोड्यावर ठेवले, सूप घेतलं आणि वारा घालू लागला. आईने डोळे उघडले तेव्हा म्हणाला, “मावशे, भियां नको. वायच पाणी घे.” त्याची वेळ आली तसा सूप माझ्या हातात देऊन तो पुन्हा रंगमंचावर गेला. शेजारच्या घरातल्या काकींनी मीठ-साखरेचं पाणी आणलं. मी आईची पिशवी उघडली. सकाळी मी भरून दिलेली लिटरभर पाण्याची बाटली तशीच होती, झाकणसुद्धा न उघडलेलं.

पहाटे सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं आणि ती सावरली. मी विचारलं, “अगं, पाणी का नाही प्यायलीस?” ती भिंतीकडे बघत म्हणाली, “जायचं कुठे होतं मग? तू विचारलंस का कुणाला?”

नव्हतं विचारलं. जेवणाचं, गाडीचं, मुक्कामाचं सगळं विचारलं होतं. देवळाजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, हे विचारलं नव्हतं. आपल्या आया, सासवा, मावश्या प्रवासाला निघताना मुद्दाम पाणी पीत नाहीत. त्या तसं सांगत नाहीत, आणि आपल्याला ते दिसत नाही. उन्हाळ्यातल्या जत्रा, तमाशाचे फड, उघड्या मैदानावरचे महोत्सव, जिथे जाल तिथे हा प्रश्न आधी फोन करून विचारा. सोय नसेल तर जवळच्या घराची सोय बघा. गावातली माणसं नाही म्हणत नाहीत. आणि मग घरच्या बाईला स्वतः जाऊन ती जागा दाखवा, तोंडी सांगून भागत नाही.

बाकीचं थोडक्यात सांगते. दुपार झोपण्यासाठी ठेवा. रात्रभराचा कार्यक्रम असेल तर त्या दिवशी दुसरं काहीच ठरवू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे पाणी घरूनच करून न्या; चमचा चहाचा, आणि मीठ मोजूनच. घोट-घोट पाजत राहा, तहान लागायची वाट बघू नका. गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. चक्कर, मळमळ, गार घाम दिसला की सावलीत आडवं करा, पाय उंच करा, शुद्धीवर असेल तरच पाणी द्या. बोलणं असंबद्ध झालं, अंग तापून फणफणलं किंवा शुद्ध हरपली तर अंग ओलं करून वारा घाला आणि 108 ला फोन करा. मी आधी दहा मिनिटं नुसती हाका मारत बसले होते.

दशावतारासाठी जाणार असाल तर आणखी एक. मंडळ्या तुळशीच्या लग्नानंतर बाहेर पडतात आणि मृगाच्या पावसाआधी वेशभूषेचे पेटारे बंद होतात. एप्रिल-मेमध्ये चाकरमानी गावी आलेले असतात, त्यामुळे पूजा, नवस, वर्धापनदिन अशा निमित्ताने ठिकठिकाणी प्रयोग लागतात. वालावलकर, चेंदवणकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर ही नावं जाहिरातीत दिसतील. पण तारीख तिथीवर ठरते, तुमच्या शनिवारावर नाही. गावातल्या माणसाला विचारूनच निघा, आणि “नाटक उभं कधी राहणार” असं विचारा. रंगपटात पेटाऱ्याची पूजा होते. तिथे चपला घालून, मोबाइल उगारून शिरू नका.

गेल्या मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. मंगळवार होता, रजा काढली. त्याच काकींच्या घरी उतरलो, दुपारी उकड्या तांदळाची पेज जेवून सगळे पाच वाजेपर्यंत झोपलो. आईला मागच्या दारची न्हाणी दाखवली, वाटेवर विजेरी ठेवली. रात्री मुलगा बाराच्या आतच तिच्या मांडीवर झोपला. तीनच्या सुमारास मृदंगाचा ठेका वाढला तशी आईने त्याला हलवून उठवलं, “ऊठ रे, लढाई आली,” आणि बघता-बघताच रिकामी बाटली माझ्याकडे सरकवली.

“भरून आण,” म्हणाली, नजर रंगमंचावरून न काढता.