घरात बॅटरी घेताना : काय करावे, काय टाळावे

आपले आंबागड भंडारा जिल्ह्यातल्या ज्या तुमसर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात 'मॉइल' या मँगनीज कंपनीची डोंगरी बुजुर्ग खाण आहे. तिथले मँगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलच्या कारखान्यांना जाते. सेलचा कच्चा माल आपल्या मातीतला, पण घरात वीज साठवायची म्हटली की माणूस बिचकतो. बॅटरी महाग आहे हे खरेच. पण चुकीची निवड आणि हयगय यांमुळे ती लवकर बसते. मग एकाची बसली की चार शेजारी बेत रद्द करतात.

काय करावे

• आधी हिशेब मांडावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. शिसे-तेजाबाची बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरावी. इन्व्हर्टरची घट धरता हाती साधारण ७५० उरतात. ७५ वॅटचे दोन पंखे आणि ९ वॅटचे चार बल्ब त्यावर चार तास चालतील. तेच पंखे ३० वॅटचे बीएलडीसी घेतले तर जवळपास आठ तास. म्हणून मोठ्या बॅटरीआधी पंखे बदलावेत.

• सौर पॅनेलवाल्याला विचारावे, "लाइन गेल्यावर चालेल का?" साधी ऑन-ग्रिड यंत्रणा लाइन गेली की बंद पडते, खांबावरच्या लाइनमनचा जीव वाचावा म्हणून ती तशीच बनवतात. रात्रीची सोय हवी तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. पीएम सूर्यघर योजनेचे ३ किलोवॅटला मिळणारे ७८,००० रुपयांचे अनुदान पॅनेलसाठी आहे, बॅटरीचा खर्च वेगळा धरावा.

• बॅटरी सावलीत, हवेशीर जागी ठेवावी. विदर्भातला उन्हाळा तिचे आयुष्य खातो.

• पक्के बिल आणि तारीख घातलेले वॉरंटी कार्ड घ्यावे. दुरुस्तीला तुमसरहून माणूस येईल का, हे पैसे देण्याआधी ठरवावे.

• शेतात सौर पंप असेल तर विजेपेक्षा पाणी साठवावे. दिवसा बोडी किंवा टाकी भरून घेणे हीच तिथली स्वस्त साठवण.

काय टाळावे

• ट्रॅक्टरची जुनी बॅटरी इन्व्हर्टरला लावू नये. ती एका झटक्यात इंजिन उठवण्यासाठी असते, रात्रभर हळूहळू उतरण्यासाठी नाही.

• जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडू नये. जुनी नवीलाही घेऊन बसते.

• घरच्या इन्व्हर्टरवर पाण्याची मोटर चालवू नये.

• पाणी कमी झाले म्हणून नळाचे पाणी किंवा तेजाब ओतू नये. फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही खुणेपर्यंत.

• बसलेली बॅटरी अंगणात फोडू देऊ नये. आतले शिसे आणि तेजाब मातीत, विहिरीत उतरते, आणि आजूबाजूला लेकरे खेळत असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे द्या आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्या.